नारायण पेठेतला वाडा रिकामा करतोय. ट्रंकेतल्या चिनी मातीच्या वस्तूंचं काय करू?

अंजीरबर्फी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सासूबाईंच्या माहेरचा वाडा नारायण पेठेत आहे, नदीपासून फार लांब नाही. पुनर्विकासाला गेलाय, पुढच्या महिन्यात पाडकाम. भाडेकरू गेले, मामेसासरे कोथरूडला मुलाकडे गेले आणि माळा आवरायचं काम माझ्याकडे आलं, कारण "तू काय, घरूनच काम करतेस."

माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक निघाली. आत केसरीच्या कागदांत गुंडाळलेलं बरंच काही:

अकरा मोठ्या थाळ्या. पांढऱ्यावर लाल-हिरवी फुलं, घाईत काढल्यासारखी. मागे एक चित्र आहे, धड सिंहाचं नि तोंड बाईचं, आणि इंग्रजीत "पेट्रस रेगू, मास्ट्रिख्ट" असं काहीसं. नऊ थाळ्यांवर तपकिरी जाळं पडलंय, घासून जात नाही.

सहा कप, पाच बश्या. इतके पातळ की आतून बोट दिसतं. तळाला लाल अक्षरांत "मेड इन ऑक्युपाइड जपान".

वीतभर उंचीची लक्ष्मी. चमक नाही, खडूसारखी. एक हात सुटा, कागदातच होता. खाली आकडा आणि "जर्मनी".

लोणच्याची एक दणकट बरणी, वर तपकिरी, खाली पांढरी.

जुन्या सामानाचा व्यवहार करणारा एक जण बघून गेला. सगळ्याचे मिळून साडेचार हजार देतो म्हणाला, ट्रंकेसकट. माणूस बोलायला चांगला होता. जाताना म्हणाला, देवघराच्या भिंतीतल्या टाइल्स मी फुकटात काढून नेतो, तुमचा तेवढाच राडारोडा कमी.

माझे प्रश्न: भाव बरोबर आहे का? थाळ्यांवरचे डाग कसे काढू? सासूबाईंना त्याच बरणीत लिंबाचं लोणचं घालायचंय, चालेल का? आणि दीर न्यू जर्सीला असतो, त्याला आठवण म्हणून थाळ्या हव्यात. कुरियर करता येतील का?

पाटीवाला

साडेचार हजारांत ट्रंकपण? नुसती ट्रंकच हल्ली कॅफेवाले टेबल म्हणून दीड-दोन हजारांना उचलतात.
बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तिखटमीठ

डागांना सोपा उपाय. बादलीत कपडे धुवायचं ब्लीच घाला, रात्रभर बुडवून ठेवा. माझे कप पांढरेशुभ्र निघाले.

डबलबेल

तिखटमीठ ताई, तुमचे कप नव्या कारखान्यातले असतील, म्हणून वाचले. अंजीरबर्फी ताई, तुम्ही ब्लीचला हात लावू नका. कारण खाली सांगतो.

आधी माझी ओळख. एकतीस वर्षं पुण्याच्या सिटी बसवर कंडक्टर होतो, पीएमटीत लागलो आणि पीएमपीएमएलमधून निवृत्त झालो. साप्ताहिक सुट्टी बुधवारी आणि मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवार-रविवार, हा माझ्या आयुष्यातला अपघात. लोक सुट्टीच्या दिवशी झोपतात, मी बश्या बघत हिंडायचो. पहिली खरेदी पाच रुपयांची, कपाशिवाय एक बशी. बायको म्हणाली, कप कुठाय? म्हटलं, चहा आपण बशीतच पितो की.

कंडक्टरला खोटं नाणं आवाजावरून कळतं. बशीचंही तेच आहे. तीन बोटांच्या टोकांवर तोलायची आणि चौथ्या बोटाच्या नखानं कडेला टिचकी मारायची. तुमचे जपानी कप घंटीसारखे वाजतील. वाजता वाजता आवाज मध्येच बसला तर समजायचं, केसासारखी भेग आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. थाळ्या मात्र धड असूनही ठक्क वाजतील. तो त्यांचा दोष नाही, मातीचा फरक आहे.

आपण सगळ्यालाच "चिनी माती" म्हणून मोकळे होतो. तुमच्या एका ट्रंकेत तीन वेगळ्या जाती आहेत.

कप पोर्सिलीनचे. ही माती इतक्या कडक आंचेवर भाजतात की ती जवळजवळ काचेसारखी होते. उजेड आरपार जातो, पाणी आत शिरत नाही. बरणी म्हणजे स्टोनवेअर. तीही कडक भाजलेली आणि घट्ट, पण जाड, उजेड जात नाही. थाळ्या अर्दनवेअरच्या. कमी आंचेवर भाजलेली, आतून सच्छिद्र माती, वरून पांढरी झिलई. झिलई आहे तोवर सगळं छान. तिला बारीक जाळं पडलं की ओल आत जाते आणि जाताना घाण घेऊन जाते.

ताई, वाडा नदीजवळ आहे म्हणालात ना? ट्रंक १९६१ साली कुठे होती हे घरच्या मोठ्यांना विचारा. माळ्यावर नंतर गेली असेल. १२ जुलैला पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि नारायण-शनिवार पेठांत पाणी शिरलं. माझ्या आत्याच्या फडताळातली भांडी अशीच गाळात गेली होती. पोर्सिलीन धुतल्यावर कालच्यासारखं निघालं, अर्दनवेअरच्या बश्यांवर आयुष्यभराचं तपकिरी जाळं राहिलं. एकाच फडताळात, एकाच गाळात. तुमच्या थाळ्यांवरचे डाग बहुधा पुराचे आहेत, आणि बरणी-कप स्वच्छ राहिले ते याच कारणानं.

आता ब्लीचचं. ते त्या जाळ्यातून मातीत शिरतं आणि सुकल्यावर त्याचे क्षार मातीत राहतात. हळूहळू त्यांचे खडे होतात आणि ते आतून झिलईचे पापुद्रे उचलतात. सहा महिन्यांनी थाळीला खरूज लागल्यासारखी दिसते. मी एक घालवलीय, म्हणून सांगतोय. डाग काढायचेच तर थाळी आधी चार-पाच दिवस साध्या पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला. मग औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कापूस भिजवून डागावर ठेवा, वरून प्लास्टिक, म्हणजे सुकणार नाही. हातमोजे घाला. दिवस लागतील. शेवटी पुन्हा साध्या पाण्यात. आधी एकाच थाळीवर करून बघा. मला विचाराल तर दोन-तीन थाळ्या तशाच ठेवा. त्या डागांना तारीख आहे.

तळाच्या खुणा. "सिंहाच्या अंगाची बाई" म्हणजे स्फिंक्स. हॉलंडातल्या मास्ट्रिख्ट गावच्या पेट्रस रेगूच्या कारखान्याची ती खूण. कारखाना १८३० च्या दशकातला, स्फिंक्सची खूण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. हे लोक जावा-सुमात्रा, ब्रह्मदेश आणि आपल्या बाजूच्या बाजारांसाठी भडक फुलांचा स्वस्त माल पाठवायचे. "घाईत काढल्यासारखी" हे तुम्ही अगदी बरोबर हेरलंत. साच्यावरून आणि स्पंजानं झपाझप उठवलेली फुलं आहेत ती. राजेरजवाड्यांचा माल नव्हे. पण मला तोच आवडतो. कुणाच्या तरी लग्नात पंगतीला वापरला गेलेला असतो.

"ऑक्युपाइड जपान" ही तर आयती तारीख. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता, तेव्हाच्या निर्यातीच्या मालावरचा शिक्का. म्हणजे १९४७ ते १९५२ च्या आतबाहेर. नुसतं "निप्पॉन" असतं तर १९२१ च्या आधीचं धरलं असतं.

लक्ष्मीवर "जर्मनी" का, तर इंग्रजांनी १८८७ साली कायदा केला की परक्या मालावर देशाचं नाव हवं, म्हणजे लोक इंग्लंडचा माल घेतील. १८८९ साली हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. झालं उलटंच, "मेड इन जर्मनी" ही चांगल्या मालाची खूण ठरली. चमक नाही म्हणता ते बिस्क, म्हणजे झिलई न देता भाजलेलं पोर्सिलीन. जर्मन कारखाने आपल्या बाजारासाठी लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण करायचे. नमुना म्हणून पुढे असायची ती बहुधा रविवर्म्याच्या छापाची चित्रं. तो छापखाना पुढे आपल्या लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला आणि मग एका जर्मनाकडेच गेला. हाताला फेविक्विक लावू नका. एकदा वाकडा बसला की बसला. कापसात गुंडाळून तिच्याबरोबर ठेवा.

आणि खूण बघून हुरळून जायचं नाही, हेही सांगून ठेवतो. मी एकदा सहा चिनी अक्षरं बघून फुलदाणीला बावीसशे रुपये दिले. अक्षरं खरी होती, राजाचं नावही खरं. पण जुन्या राजांची नावं नंतरचे चिनी कारागीर आदरानं घालत आणि नकली माल काढणारे लबाडीनं घालतात. माझी दुसऱ्या जातीची निघाली. ती आता छत्र्या ठेवायला आहे.

बरणी. आत टवका नाही, भेग नाही, टिचकी मारली की खणखणीत वाजतेय, तर लिंबाचं लोणचं खुशाल घाला. ती त्याचसाठी जन्मलीय. थाळ्यांत मात्र आंबट वाढू नका. जुन्या रंगांत आणि झिलईत शिसं असू शकतं, आणि लिंबू, चिंच, कोकम ते बाहेर काढतात. जाळं पडलेल्या थाळीत तर नाहीच नाही.

आता मुख्य. तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य तुम्ही उगाच शेवटी टाकलंय. फुकटात टाइल्स काढून नेतो म्हणणारा माणूस ट्रंक बघायला आला नव्हता. त्या टाइल्सचे फोटो टाका. आज.

पाटीवाला

काका, _/\_

बोलायला चांगला होता म्हणे.

परदेशी पाटील

कुरियर कशाला? माझ्या बायकोनं आजीच्या बश्या साड्यांत गुंडाळून बॅगेतून आणल्या. कोणी विचारलं नाही.

डबलबेल

पाटील साहेब, विनातिकीट माणूसपण दहा वेळा सुटतो.

पुरावशेष कायदा १९७२ चा आहे, लागू झाला १९७६ साली. शंभर वर्षांवरच्या कलाकुसरीच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. देशात ठेवा, विका, वापरा, पण बाहेर नाही. थाळ्या त्यात येण्याची शक्यता भरपूर. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो. अंजीरबर्फी ताई, दिरांना सरळ जपानी कप द्या. ते १९४७ च्या आधीचे असूच शकत नाहीत, हे त्यांच्या बुडावरच लिहिलंय. आणि आठवण म्हणून बघाल तर त्यांच्या आईनं चहा कपातून प्यायला असेल, थाळीतून नाही.

अंजीरबर्फी

काका, कालच वाड्यात जाऊन आले. फोटो टाकलेत.

देवघराच्या कोनाड्याभोवती सहा टाइल्स आहेत. चार गुलाबाच्या, उठावाच्या, बोट फिरवलं की पाकळ्या लागतात. दोन चित्रांच्या, डावीकडे लक्ष्मी, उजवीकडे सरस्वती. इतकी वर्षं तेलाचा नि उदबत्तीचा धूर बसून काळ्या झाल्या होत्या, मला वाटलं साध्याच आहेत. ओल्या फडक्यानं एक कोपरा पुसला आणि आतून मोरपिशी निळा निघाला. मी तिथेच खाली बसले.

सासूबाई म्हणाल्या, लहानपणी परवचा म्हणताना सरस्वतीच्या मोराकडे बघत बसायची.

आणि हो, ट्रंकेचं विचारलं. मामा म्हणाले, पुराच्या वेळी ती तळमजल्यावर कोठीत होती. पाणी ओसरल्यावर आजोबांनी थाळ्या हौदावर धुतल्या आणि "आता पुन्हा नको" म्हणून माळ्यावर टाकली.

डबलबेल

ताई, फोटो बघून रात्री झोप लागली नाही.

या जपानी मॅजोलिका टाइल्स. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचा माल येईनासा झाला, ती जागा जपान्यांनी घेतली. १९२० नि १९३० च्या दशकांत खास हिंदुस्थानासाठी देवदेवतांच्या टाइल्स केल्या. अवाजी बेटावरची दांतो कैशा ही कंपनी त्यातलं मोठं नाव. उठावाच्या रेषेनं कप्पे पाडायचे आणि कप्प्यांत रंगीत झिलई ओतून भाजायचं, म्हणून रंग एकमेकांत मिसळत नाहीत. दुसरं महायुद्ध आलं आणि हा माल थांबला. नवा येणं नाही. जो आहे तो भिंतींत आहे, आणि भिंती रोज पडतायत. ट्रंकेतलं सगळं एका पारड्यात टाकलं तरी मी ही सरस्वती घेईन.

गंमत बघा, चित्राचं वळण मळवलीच्या छापाचं, भाजलंय जपानात आणि मोर बघितला नारायण पेठेतल्या मुलीनं.

आता काढायच्या कशा, ते नीट वाचा. बहुतेक जण पुढून छिन्नी घालतात आणि टाइलचा कोपरा गमावतात. तुमची भिंत पाडायचीच आहे ना? मग टाइल भिंतीतून काढायची नाही. भिंत टाइलच्या मागून काढायची.

१. कोनाड्याच्या मागच्या खोलीत जा, भिंत किती जाड आहे ते बघा. आधी छताचा भार त्या भिंतीवर आहे का हे जाणकाराला विचारा. त्याशिवाय एक वीट हलवू नका.

२. पुढून प्रत्येक टाइलवर रुंद कागदी चिकटपट्टी, उभी-आडवी. तुटली तरी तुकडे जागेवर राहतात.

३. पुढून एक माणूस फळी आणि गादी लावून धरणार. मागून मिस्त्री एकेक वीट सोडवणार. जुना चुना असेल तर विटा हातानं सुटतील. सिमेंट असेल तर मला फोटो पाठवा आणि थांबा.

४. टाइल मागच्या चुन्याच्या गठ्ठ्यासकट उचलायची. चुना जागेवर खरवडायचा नाही. घरी आणून दोन दिवस पाण्यात, मग हॅक्सॉच्या पात्यानं सावकाश.

आम्ल नको. चुना विरघळेल हे खरं, पण झिलईचीही वाट लागेल.

मिस्त्री म्हातारा बघा. तरुणाला ग्राइंडरशिवाय काही सुचत नाही.

तिखटमीठ

काका, ब्लीचबद्दल कान पकडले. माझे कप आजीचे नव्हते, सेलमधले होते. :)

अंजीरबर्फी

तीन आठवड्यांनी येतेय. पाडकाम सुरू झालं.

भिंत भाराची नव्हती. मिस्त्री मिळाले ते पासष्टीचे, कसब्यातले. टाइल बघून त्यांनी आधी चपला काढल्या, मग हातोडा हातात घेतला. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत लागले. चुनाच होता. विटा खरंच हातानं सुटल्या. नवरा पुढून गादी धरून उभा होता आणि दर पाच मिनिटांनी "झालं का" विचारत होता.

सहापैकी पाच धड निघाल्या. एका गुलाबामागे कुणीतरी कधीतरी सिमेंटची डागडुजी केली होती, त्याचे चार तुकडे झाले. मी रडले, मिस्त्री म्हणाले, "ताई, देव दोन्ही आले की."

घरी आणून दोन दिवस भिजवल्या. सरस्वतीच्या मागचा चुना अख्खा वडीसारखा सुटून आला. टाइलच्या पाठीवर चौकटी-चौकटी आणि उठावात "मेड इन जपान". आणि चुन्याच्या त्या वडीवर तीच अक्षरं खोलगट, उलटी उमटलेली. आरशात धरली तेव्हा वाचता आली. ओला चुना दाबून ती बसवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसापण एका कोपऱ्यात आहे. टाइल सासूबाईंकडे राहणार, पण मामांनी चुन्याची वडी मागून घेतली. म्हणाले, हे आमच्या घराचं, ते जपानचं.

थाळ्यांपैकी आठ ठेवल्या, त्यांतल्या तीन डागवाल्या तशाच. कप दिराला चाललेत. लक्ष्मी हातासकट डब्यात. त्या गृहस्थांचा दोनदा फोन आला, दुसऱ्या वेळी नुसत्या टाइल्सचे बारा हजार म्हणाले. बरणीत शंभर लिंबं पडली.

डबलबेल

चुन्याची वडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका म्हणावं मामांना. आधी सावलीत पूर्ण सुकू द्या, मग कागदाच्या खोक्यात.

फुटलेल्या गुलाबाचे चार तुकडे टाकले नाहीत ना? माझ्याकडे तसाच एक गुलाब आहे, अर्धा. बुधवारी मिळाला होता. तुमचा बघायचाय. आणि उरलेल्या तीन थाळ्या जाणार असतील तर आधी मला विचारा.

पाटीवाला

अंजीरबर्फी ताई, काका बोलायला चांगले आहेत हं. सांभाळून.